आफ्रो-कॅरिबियन सून, ल्युपसची किडनी आणि पुढची वीस वर्षं

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. मुलगा बर्मिंगहॅमला असतो, सून तिथेच जन्मलेली, तिचे आजी-आजोबा जमैकातून आलेले. सूनबाईंचं वय २९. दोन महिन्यांपूर्वी ल्युपस (प्रतिकारशक्ती शरीराच्या स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) निघाला, किडनीची बायोप्सी झाली, रिपोर्टमध्ये 'क्लास चार अधिक पाच' आलंय. क्रिएटिनिन ९८, लघवीतलं प्रोटीन ३८०. आफ्रो-कॅरिबियन पेशंटमध्ये हा आजार जरा जास्त चिवट असतो, असं तिथले डॉक्टर बोलून गेले आणि तेव्हापासून दोन्ही घरांची झोप उडाली आहे. ताईंनी तीन गोष्टी विचारल्यात: पंधरा-वीस वर्षांनी हिच्या किडनीचं काय झालेलं असेल, मूल होऊ शकेल का, आणि वेळ आलीच तर माझी किडनी चालेल का.

ताई, मी मूत्रपिंडाचा डॉक्टर. चोवीस वर्षं इंग्लंडात काढली, आधी बर्मिंगहॅम, मग दक्षिण लंडन. ल्युपसच्या ओपीडीत जमैका, बार्बेडोस, सेंट लुशियाच्या लेकी आणि नाती रोजच समोर असायच्या. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाने जरा गलबलून आलं, पण त्याकडे शेवटी येतो.

आधी आकडे उलगडू. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, ९८ हा त्याचा तिकडच्या मापातला आकडा. ८८ ने भागलं की आपल्या लॅबचा आकडा येतो, १.१. प्रोटीन ३८० म्हणजे दिवसाला साधारण पावणेचार ग्रॅम. धट्ट्याकट्ट्या माणसाचं ०.१५ ग्रॅमच्या आत असतं. थोडक्यात, गाळणी अजून बरंच काम करते आहे, पण गळतेय जोरात. क्लास चार म्हणजे बायोप्सीत दिसलेल्या निम्म्याहून जास्त गाळण्या सुजलेल्या आहेत. पाच म्हणजे गाळणीच्या पडद्याच्या बाहेरच्या अंगाला प्रतिपिंडांचे (अँटीबॉडींचे) थर बसलेत. चार हा तातडीचा भाग, पाच हा रेंगाळणारा. पाचमुळे प्रोटीन हळू उतरतं, त्यामुळे तीन महिन्यांत आकडा शून्यावर आला नाही म्हणून हाय खाऊ नका.

त्याच रिपोर्टमध्ये खाली कुठेतरी दोन ओळी असतील: ताज्या सुजेचं प्रमाण किती आणि कायमचे व्रण किती. क्लासच्या नंबराकडे सगळे बघतात, या ओळींकडे कुणी बघत नाही. सूज औषधाने उतरते. व्रण झालेली गाळणी मात्र परत येत नाही. मुलाला सांगून त्या दोन ओळी मागवून घ्या. पुढच्या वीस वर्षांबद्दल वंशापेक्षा त्या जास्त सांगतात.

आता 'चिवट' या शब्दाकडे. डॉक्टर खोटं बोलले नाहीत. बर्मिंगहॅम शहरातच १९९० च्या दशकात ल्युपसची पाहणी झाली होती. आफ्रो-कॅरिबियन स्त्रियांमध्ये लाखामागे दोनशेच्या वर रुग्ण सापडले, गोऱ्या स्त्रियांमध्ये ३६ च्या आसपास. भारतीय उपखंडातल्या बायका या दोघींच्या मध्ये होत्या, हेही जाता जाता लक्षात असू द्या. शिवाय कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ल्युपस किडनीपर्यंत जास्त वेळा पोचतो, कमी वयात पोचतो आणि पोचला की जोरात असतो.

लांबचे आकडे विचारलेत, तर देतो. जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१६ साली जे गणित मांडलं गेलं त्यात विकसित देशांतल्या ल्युपस किडनीच्या रुग्णांपैकी १० वर्षांत १७ टक्के आणि १५ वर्षांत २२ टक्के डायलिसिसच्या टप्प्याला गेले. फक्त क्लास चार घेतला तर १५ वर्षांत ४४ टक्के. तुम्ही इंटरनेटवर काही वाचून घाबरला असाल तर तो आकडा बहुतेक १९९७ चा अमेरिकन असावा: सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं जुनं औषध दिलेल्या रुग्णांत ५ वर्षांनी गोऱ्यांच्या ९५ टक्के किडन्या शाबूत होत्या, कृष्णवर्णीयांच्या ५८ टक्के. तो अभ्यास खरा आहे. पण ८९ रुग्णांचा, एकाच औषधाचा, आणि जिथे विमा नसला की उपचार अडतात अशा देशातला.

मला स्वतःला कॅरिबियन बेटांची तुलना जास्त शिकवून गेली. बार्बेडोसमध्ये ल्युपसची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिथे २००० ते २००९ या काळातल्या रुग्णांपैकी ५ वर्षांनी हयात होते सुमारे ८० टक्के. त्याच समुद्रातलं मार्टिनिक. माणसं त्याच पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांची वंशज, पण बेट फ्रान्सचं, फ्रान्सची सरकारी आरोग्यसेवा तिथे जशीच्या तशी. तिथल्या १९९० च्या दशकातल्या रुग्णांपैकी १० वर्षांनंतरही ९० टक्क्यांच्या वर हयात होते. (दोन्ही आकडे सगळ्या ल्युपसचे आहेत, फक्त किडनीचे नाहीत.) रक्त बऱ्याच अंशी एक असून फळं इतकी वेगळी, म्हणजे सगळा दोष रक्ताच्या माथी मारता येत नाही.

पण रक्ताचा काहीच वाटा नाही, असंही नाही. आपल्याकडे विदर्भात, नंदुरबारमध्ये सिकलसेल आहे, त्याचं कारण तुम्हाला ठाऊक असेल: सिकलचा एकच जनुक असेल तर मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून तो पिढ्यानपिढ्या टिकून राहिला. पश्चिम आफ्रिकेत अशीच आणखी एक कथा घडली. त्सेत्से माशीमुळे होणाऱ्या निद्रारोगापासून वाचवणारे एपीओएल-१ या जनुकाचे दोन बदल तिथे टिकून राहिले. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन आले तर मात्र किडनीच्या पेशी नाजूक होतात. २०१० साली हे उलगडलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांपैकी साधारण १३ टक्के लोकांत असे दोन बदल असतात. अशा माणसाला ल्युपसची किडनी झाली तर डायलिसिसपर्यंत जाण्याची शक्यता अडीच पटींच्या घरात जाते. याचा अर्थ असाही होतो की बहुसंख्य आफ्रो-कॅरिबियन रुग्णांमध्ये हा दुहेरी वारसा नसतोच. सूनबाईंमध्ये आहे की नाही, हे चेहऱ्यावरून किंवा आडनावावरून कळत नाही. रक्ताच्या तपासणीवरून कळतं. सगळीकडे ती नेहमीची तपासणी नाही, पण विचारायला हरकत नाही.

सिकलवरून आठवलं. जमैकात साधारण दहातल्या एकात सिकलचा एक जनुक असतो आणि नुसत्या त्यानेही लघवीत रक्तपेशी दिसू शकतात. अशा एका मुलीचा ल्युपस शांत असताना फक्त लघवीतल्या रक्तपेशी बघून आम्ही स्टेरॉइड वाढवले होते. वर्षभराने कुणाला तरी सिकलची तपासणी सुचली. तोवर मुलीचं वजन अकरा किलोंनी वाढलं होतं.

दुसरी गोष्ट निदानाला होणाऱ्या उशिराची. पुस्तकात ल्युपसचा फोटो असतो तो गोऱ्या गालांवरच्या फुलपाखरासारख्या लालभडक पुरळाचा. सावळ्या-काळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही. डाग जांभळट, राखाडी दिसतो, कधी नुसता काळवंडल्यासारखा. माझ्या एका रुग्णाला, बस चालवणारी होती, घोटे सुजतात म्हणून आठ महिने 'उभं राहून होतंय' आणि 'वजन कमी करा' एवढंच सांगण्यात आलं. लघवीत एक पट्टी बुडवून बघायला एक मिनिट लागतं. ते एक मिनिट कुणी दिलं नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या बायोप्सीत निम्मा भाग व्रणांचा होता. आकडेवारीत ती 'कृष्णवर्णीय, परिणाम वाईट' अशी नोंदली गेली असणार. वाईट परिणामात तिच्या जनुकांचा वाटा किती आणि त्या आठ महिन्यांचा किती, हे त्या रकान्यात लिहिलेलं नसतं.

आणि एक गोष्ट आम्ही डॉक्टरांनीच करून ठेवली होती. क्रिएटिनिनवरून किडनीचं काम मोजायचं सूत्र आहे, त्यात २००९ सालापासून कृष्णवर्णीय रुग्णाचा आकडा १.१५९ ने गुणायचा प्रघात होता. त्याच्या आधीच्या सूत्रात गुणक याहून मोठा होता. सूनबाईंचंच उदाहरण घ्या: वय २९, क्रिएटिनिन ९८, तर उत्तर येतं ६७ च्या आसपास (तंदुरुस्त किडनीचं शंभराच्या घरात असतं). गुणलं की ७८. ऐकायला बरं, पण किडनी तीच. पुढच्या टप्प्यावर हे जास्त नडायचं: खरा आकडा १४ असताना कागदावर १६ दिसायचा आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव जायला महिनोन्महिने उशीर व्हायचा. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम सुचवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०२१ साली ही शिफारस काढून टाकली. जुने रिपोर्ट चाळताना ही गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर २०२० चा आकडा आणि आजचा आकडा बघून किडनी एकदम घसरली असं वाटेल.

आता उपचार. सूनबाईंना बहुधा मायकोफेनोलेट, स्टेरॉइड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल. मायकोफेनोलेट हेही प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, ते निवडण्यामागे कारण आहे. २००९ साली ३७० रुग्णांवर मायकोफेनोलेट आणि सायक्लोफॉस्फामाइडची गाठ घातली गेली. एकूण निकाल बरोबरीत सुटला. पण कृष्णवर्णीय आणि मिश्र वंशाचे रुग्ण ज्या गटात होते तिथे मायकोफेनोलेटला ६० टक्क्यांनी दाद दिली, सायक्लोफॉस्फामाइडला ३९ टक्क्यांच्या आसपास. सायक्लोफॉस्फामाइडचा कमी डोसाचा युरोपियन कोर्सही चांगला आहे, फक्त तो मुख्यतः गोऱ्या रुग्णांवर तपासला गेला होता. तरुण मुलीत औषधाच्या बीजकोशांवरच्या परिणामाचाही विचार असतो. तिथेही मायकोफेनोलेट सरस.

गेल्या पाच-सहा वर्षांत जे बदललंय ते मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर पाहिलं आणि हेवा वाटला. बेलिमुमॅब आणि व्होक्लोस्पोरिन ही नवी औषधं सुरुवातीपासूनच जोडीला देता येतात. ओबिन्युटुझुमॅब या आणखी एका औषधाच्या चाचणीच्या २०२५ च्या निकालात ७६ आठवड्यांनी ४६ टक्के रुग्णांचा आजार पूर्ण आटोक्यात आला, नुसत्या नेहमीच्या उपचारावर ३३ टक्क्यांचा. वर दिलेले १५ वर्षांचे आकडे यातलं काहीच नसतानाच्या काळातले आहेत. नव्या औषधांचे १५ वर्षांचे आकडे यायला १५ वर्षंच लागणार. या चाचण्यांमध्ये कृष्णवर्णीय रुग्ण गरजेपेक्षा कमी घेतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

मला एकच आकडा निवडायला सांगितला तर मी बाराव्या महिन्याचं प्रोटीन निवडीन. उपचार सुरू झाल्यापासून वर्षभरात ते दिवसाला ०.७ ते ०.८ ग्रॅमच्या खाली आलं तर सात-दहा वर्षांनी किडनी चांगली असण्याची शक्यता खूप जास्त असते. ३८० वरून सहा महिन्यांत निम्म्याच्या खाली आलं तर गाडी रुळावर आहे. क्लास पाच सोबत असल्यामुळे बारा महिन्यांऐवजी अठरा लागले तरी चालतील. पण सहा महिन्यांत आकडा हललाच नाही तर 'बघू या' म्हणणाऱ्या डॉक्टरांना मुलाने नम्रपणे विचारायला हवं, पुढचं औषध कधी? इथे वंशाचा उपयोग घाई करण्यासाठी व्हावा. माझ्या पाहण्यात तो अनेकदा हात झटकण्यासाठी झाला.

बीपीचंही एक सांगून ठेवतो. तिथल्या सर्वसाधारण नियमांत आफ्रो-कॅरिबियन रुग्णाला बीपीसाठी आधी अ‍ॅम्लोडिपिनच्या जातीची गोळी देतात. प्रोटीन जात असेल तेव्हा तो नियम बाजूला ठेवायचा असतो. लोसार्टनसारखी, प्रोटीन थोपवणारी गोळी हवी. फॅमिली डॉक्टर कधीकधी सवयीने पहिला नियम लावतात. औषधांच्या यादीवर नजर टाका.

गोळ्यांबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. चोवीस वर्षांत ज्या किडन्या गेल्या त्यातल्या बऱ्याच पहिल्या वर्षात गेल्या नाहीत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी, सगळं छान चाललेलं असताना गेल्या. एका रुग्णाच्या घरी आमची नर्स गेली होती. स्वयंपाकघरातल्या खणात मायकोफेनोलेटची पाच महिन्यांची पाकिटं, एकही चांदी फोडलेली नाही. मुलगी बेजबाबदार नव्हती, दोन नोकऱ्या करून धाकट्या भावाला शिकवत होती. गोळ्यांनी पोट बिघडायचं, स्टेरॉइडने चेहरा सुजायचा, आणि पहिल्याच भेटीत एका डॉक्टरने तिला सांगितलं होतं की तुमच्या लोकांत निम्म्यांची किडनी जाते. जाणारच आहे तर गोळ्या कशाला, असा तिचा साधा हिशेब. ताई, तो डॉक्टर मीच होतो. मी प्रामाणिकपणा करायला गेलो होतो. त्यानंतर पहिल्या भेटीत टक्के सांगणं मी बंद केलं. पेशंटने विचारले तरच सांगतो, आणि ते कुणाचे, कोणत्या काळातले हेही सांगतो.

किडनीचा मुख्य उपचार किमान तीन वर्षं चालतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बहुधा कायमचं, वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रामच्या आत, आणि डोळ्यांची तपासणी चुकवायची नाही.

मूल? हो, होऊ शकेल. आत्ता नाही. लघवी आणि बीपी किमान सहा महिने शांत हवं. मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे, ते किमान सहा आठवडे आधी बंद करून अझाथायोप्रिन या गरोदरपणात चालणाऱ्या औषधावर जायचं असतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गरोदरपणातही चालू ठेवायचं. कुणी 'पोटात बाळ असताना गोळ्या नकोत' म्हणालं तरी. लहान डोसाची अ‍ॅस्पिरिन जोडीला असते. अँटी-आरओ आणि अँटीफॉस्फोलिपिड या दोन प्रतिपिंडांची तपासणी आधी झालेली हवी: पहिल्यामुळे क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात, दुसऱ्यामुळे गुठळ्या आणि गर्भपात होतात. मी पाहिलेल्या ठरवून केलेल्या गरोदरपणांचा शेवट बहुतेक वेळा बाळ घरी नेण्यात झाला, थोडं लवकर जन्मलेलं असेल पण सुखरूप. अचानक राहिलेल्यांची गोष्ट वेगळी. तेव्हा सासूबाई म्हणून 'कधी देताय गोड बातमी' हा प्रश्न दोन वर्षं तरी तुमच्याकडून येऊ नये, आणि नातेवाइकांनाही तुम्हीच आवरा.

लांबच्या पल्ल्यात किडनीइतकंच हृदय बघावं लागतं. ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांत हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या पन्नास पट असल्याचं १९९७ सालीच अमेरिकेत दिसलं होतं. म्हणून बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट, वजन. आणि मीठ. जमैकन घरात रविवारी अ‍ॅकी (तिकडचं एक फळ) आणि सॉल्टफिश होतं. खारवलेला कॉड मासा रात्रभर भिजवून, उकळून, पाणी फेकून करतात, तरी बरंच मीठ उरतं. सणावारी करा म्हणावं, दर आठवड्याला नको. आपलंही सोवळं नाही. तुम्ही पाठवत असाल ती लोणची आणि पापड त्याच खात्यात जमा.

ती नाशिकला येईल तेव्हा मे महिना टाळा. ऊन ल्युपसला चेतवतं, त्वचा काळी असली तरी. अंग दुखलं तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. आणि मनापासून विनंती, प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून गुळवेलीचा काढा देऊ नका. तिची प्रतिकारशक्ती कमी नाही, भरकटलेली आहे. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृत बिघडलेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत.

आता तुमची किडनी. ब्रिटनच्या कायद्यात सासू देऊ शकते. ह्युमन टिश्यू अथॉरिटी या अवयवदानावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची परवानगी लागते आणि तुमच्यावर दबाव नाही ना, पैशाचा व्यवहार नाही ना, हे एक स्वतंत्र व्यक्ती तुमच्याशी बोलून तपासते. तुमच्या किडनीत एपीओएल-१ ची ती दुहेरी जोडी असण्याचा प्रश्न जवळपास येतच नाही, ही जमेची बाजू. तिच्या सख्ख्या भावंडांबाबत मात्र ते तपासावं लागेल. एक गुंता आहे: गरोदरपणात बाईच्या शरीरात नवऱ्याकडच्या ऊतींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, आणि नवऱ्याच्या निम्म्या खुणा तुमच्याकडूनच आलेल्या. म्हणजे तिला मूल झाल्यावर तुमच्या मुलाची आणि तुमची, दोघांचीही किडनी जुळणं अवघड होऊ शकतं. अशा जोड्यांची अदलाबदल करून देणारी योजना तिथे आहे, त्यामुळे तेव्हाही दार बंद होत नाही. ब्रिटनमध्ये कृष्णवर्णीय रुग्णांना मृत दात्याची किडनी मिळायला इतरांपेक्षा जास्त थांबावं लागतं, म्हणून घरच्या दात्याचं मोल मोठं. प्रत्यारोपित किडनीत ल्युपस परतून ती निकामी होणं क्वचितच घडतं.

पण हे सगळं क्रिएटिनिन ९८ असलेल्या मुलीबद्दल चाललंय. मुलाला एवढंच विचारा की सहाव्या महिन्याची प्रोटीनची तपासणी कोणत्या तारखेला आहे. आणि तुम्ही स्वतःचं बीपी आणि शुगर शेवटची कधी तपासली होती?